नालासाठी घोडा

अलॉय चाकाचा व्यास इंचात मोजतात, त्यावर चढणाऱ्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि टायरच्या भिंतीची उंची टक्क्यांत. जमीन गुंठ्यात, फ्लॅट चौरस फुटात आणि कर्ज लाखात मोजणाऱ्या समाजाला हे अवघड जायला नको. तरीही टायरच्या कडेवरचा ‘२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू’ हा मजकूर बहुतेक मालक शिलालेखाकडे पाहावे तसे पाहतात. काहीतरी महत्त्वाचे कोरले आहे एवढे कळते, मग मोबाइलवर फोटो काढला जातो आणि विषय तिथेच मिटतो.

हा मजकूर डावीकडून वाचायचा असतो. टायर २२५ मिलिमीटर रुंद आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतले दोरे कसे विणले आहेत ते सांगणारे अक्षर. त्याचा अर्थ ‘रेसिंग’ असा लावणारे लोक आहेत आणि त्यांना दुखवण्याचे कारण नाही. १७ हा रिमचा व्यास. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलावेत. ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत परवानगी. महाराष्ट्रात कायद्याने जास्तीत जास्त १२० मिळतात, तेही समृद्धी महामार्गावर, त्यामुळे उरलेले दीडशे टायरच्या मनातच राहतात.

यातला १७ हा आकडा जरा फसवा आहे. टायरची कड, जिला बीड म्हणतात, ती रिममध्ये जिथे टेकते तिथला हा व्यास असतो. रिमचा बाहेरून दिसणारा ओठ त्याहून इंच-दीड इंच मोठा भरतो. नवी चाके घरी आणून शिवणाच्या टेपने मोजणारा गृहस्थ त्यामुळे दुकानदाराने चुकून वरचा आकार दिला, या समजुतीत एखादा दिवस आनंदात घालवतो.

आकार निवडण्याचा प्रश्न नीट समजून घ्यायला एक गाडी समोर ठेवावी लागते. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या कामाला फार सोयीची आहे. २०१७ मध्ये ती भारतात आली तेव्हा दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती आणि १७ इंची चाके घेऊन आली. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आली, ती १८ इंची चाकांवर. त्याच पिढीची साधी ऑक्टाव्हिया १६ इंचांवर सुखाने चालत होती आणि युरोपात आरएसला १९ पर्यंतचा पर्याय होता. म्हणजे एकाच सांगाड्याला १६, १७, १८, १९ अशी चारही मापे कंपनीच्याच आशीर्वादाने बसतात. मालकाच्या मनात शंका निर्माण करायला एवढे पुरते.

आता या चारांची बेरीज. १६ वर २०५/५५ चा टायर येतो आणि चाक-टायर मिळून एकूण व्यास ६३२ मिलिमीटर होतो. १७ वर २२५/४५, व्यास ६३४. १८ वर २२५/४०, व्यास ६३७. १९ वर २२५/३५, व्यास ६४०. रिम तीन इंचांनी वाढली, खिसा बराच हलका झाला आणि गाडी जमिनीपासून चार मिलिमीटर वर गेली. बाकीची सगळी वाढ रबरातून कापून घेतलेली असते. भिंतीची उंची ११३ वरून १०१, मग ९०, मग ७९ मिलिमीटर अशी उतरत जाते. पुरणपोळीची तुलना इथे चपखल बसते. पोळीचा घेर तेवढाच, फक्त पुरण वाढवत नेले आणि पारी पातळ करत आणली. असली पोळी ताटात फार देखणी दिसते. तव्यावर तिचे काय होते ते सुगरणीला विचारावे.

एकूण व्यास सांभाळण्यामागे कारण आहे. गाडीला आपला वेग कळतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. एका फेरीत किती रस्ता मागे पडतो ते कारखान्यात ठरलेले असते. समजा कोणी १८ इंची रिमवर २२५/४५ चा टायर चढवला, तर व्यास ६६० होतो, म्हणजे मूळ १७ च्या चाकापेक्षा चार टक्क्यांनी जास्त. आता काटा १०० दाखवताना गाडीची खरी चाल आधीपेक्षा चार टक्के जास्त असते. गिअर लांबतात, खेच सुस्तावते आणि किलोमीटर कमी पडतात. यातला शेवटचा परिणाम गाडी विकताना फायद्याचा ठरतो, म्हणून त्याची वाच्यता सहसा होत नाही. टायरच्या दुकानांतून तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेण्याचा रिवाज आहे आणि तो वाईट नाही.

चाके अशी फुगत कधीपासून गेली? ओतीव अॅल्युमिनियमची चाके शर्यतीत गाजली ती बुगाटीच्या टाइप ३५ या गाडीमुळे. १९२४ साली फ्रान्समध्ये लियाँच्या ग्रांप्रीला ती पहिल्यांदा उतरली. चाक आणि ब्रेकचा ड्रम एकसंध, दिसायला देखणे काम. त्या दिवशी टायरांचे पट्टे सोलून निघाले आणि शर्यत हातची गेली. अलॉय उत्तम होती, टायरनेच घात केला, हे वाक्य तेव्हापासून आजतागायत त्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते. पुढे १९५९ ची मिनी दहा इंची चाकांवर आली आणि तेवढ्याशा चाकांवर १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षांची माँटे कार्लो रॅली जिंकून बसली. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय १३ इंचांवर होती. भारतात मारुती ८०० ने एका पिढीचे लग्न, बाळंतपण आणि महाबळेश्वर बारा इंचांवर उरकले. आज भारतात मिळणारी गोल्फ जीटीआय १८ इंचांवर येते. माणसाची उंची एवढ्या काळात फारशी वाढलेली नाही.

फॉर्म्युला वनचे उदाहरण या बाबतीत जरा गैरसोयीचे आहे. ताशी ३०० च्या वर जाणाऱ्या त्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची चाकांवर धावत होत्या, म्हणजे रिमच्या बाबतीत १९७६ च्या गोल्फच्या बरोबरीला. २०२२ पासून त्यांना १८ इंची चाके आली. शर्यतीतले टायर बाजारातल्या टायरांसारखे असावेत आणि दिसावेत, हे त्यामागचे एक कारण होते. शर्यतीचे बघून रस्ता शिकतो असे मानले जाते. इथे रस्त्याचे बघून शर्यत शिकली.

दिसण्याचा मुद्दा आला की या शास्त्राचा गाभा हाती लागतो. चालत्या गाडीचे चाक दिसत नाही. चाळीसच्या पुढे त्याचे आरे पुसट होतात, ऐंशीला नुसते करडे वर्तुळ उरते, आणि चालवणाऱ्याला तर तेही दिसत नाही, कारण तो आत बसलेला असतो. चाकाचे सगळे सौंदर्य उभ्या गाडीचे. त्यामुळे ताशी २५० ची गाडी घेणारा मनुष्य चाकाचा आकार ठरवतो तो मात्र शून्य किलोमीटर वेगाला कसे दिसेल ते पाहून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, चार पावले मागे जायचे, मान तिरकी करायची आणि टायर व फेंडर यांच्यामधल्या फटीकडे बघून सुस्कारा सोडायचा, हा विधी या निर्णयाचा आरंभबिंदू आहे. फटीत चार बोटे मावतात. तीन मावायला हवी होती. ज्या बोटाला जागा उरू नये म्हणून हा खटाटोप चालतो, त्या एका बोटाची किंमत चार रिमा, चार टायर आणि पुढची दोन वर्षे अशी पडते.

गाडीचे आरेखन करणारे लोक या रोगाला मुळातच खतपाणी घालतात. त्यांच्या पहिल्या रेखाटनात चाके जवळजवळ खिडकीपर्यंत आलेली असतात आणि टायर काजळाच्या रेघेएवढा. पुढे अभियंते त्यांना समजावत समजावत रबर परत आणतात. अलॉय विकत घेणारा मनुष्य अभियंत्यांचे हे काम उलट दिशेने पुन्हा करतो.

वजनाचा हिशेब इथे अटळ होतो. कुंभाराचे चाक कडेला जड ठेवलेले असते, कारण एकदा काठीने गती दिली की त्याने मडके होईपर्यंत फिरत राहावे अशी अपेक्षा असते. जे वजन आसापासून दूर, ते फिरवायला जड आणि थांबवायलाही जड. परफॉर्मन्स गाडीच्या चाकाकडून अपेक्षा बरोबर उलटी आहे: त्याने पटकन सुटावे आणि पटकन थांबावे. रिम मोठी केली की धातूचे कडे आसापासून बाहेर सरकते, आणि धातू रबराच्या भिंतीपेक्षा जड असतो. गाडीचे कुंभाराच्या चाकाच्या दिशेने एक पाऊल पडते. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचे. स्प्रिंगच्या वर असलेली वस्तू, म्हणजे इंजिन, सीट, सासरे, यांना सस्पेन्शन झुलवून शांत करते. स्प्रिंगच्या खालचे चाक मात्र प्रत्येक खडीबरोबर स्वतः उडते, आणि जितके जड तितके उडाल्यावर जमिनीवर परत यायला उशीर लावते. हवेत असलेल्या टायरची पकड शून्य असते, मग त्याची किंमत काहीही असो.

‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एकाच गोल्फवर १५ ते १९ इंचांपर्यंतची चाके चढवून हा प्रयोग करून पाहिला. चाक मोठे होत गेले तशी गाडी उठायला सावकाश झाली आणि पेट्रोल जास्त पिऊ लागली. वळणावरची पकड मात्र वाढली. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचा निष्कर्ष मिळाल्यामुळे वाद पूर्वीच्याच जोमाने चालू आहे.

वजनावर उपाय आहे, तो फक्त महाग आहे. बाजारातली बहुतेक अलॉय ओतीव असतात: अॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालून साच्यात ओतायचे, मग भट्टीत ठरावीक तापमानाला शिजवून मुरवायचे. घडीव चाकात अॅल्युमिनियम हजारो टनांच्या दाबाखाली घडवतात. त्याचे कण घट्ट बसतात, म्हणून कमी धातूत तीच ताकद मिळते. रेज या जपानी कंपनीचे टीई ३७ हे १९९६ चे चाक या वर्गातले दैवत. त्याच्या नावातला ३७ आला तो १५ इंची, सहा इंच रुंद चाकाच्या ३.७ किलो वजनावरून. इतक्या उजळ माथ्याने आपले वजन नावात मिरवणारा दुसरा पदार्थ चटकन आठवत नाही. अर्थात बाजारात त्याच्या नकलाही आहेत. त्या दिसायला हुबेहूब आणि उचलायला दोन माणसे लागतील अशा असतात. दुकानात गेल्यावर चाक हाताने उचलून पाहणे ही परीक्षा फुकट आहे, तरी ती फार थोडे लोक घेतात. बहुतेक जण रंग बघतात. गनमेटल की मॅट ब्लॅक, यावर पाऊण तास जातो.

मोठ्या चाकाची बाजूही मांडायला हवी. उंच भिंतीचा टायर जोरात वळताना बुडाशी वाकतो. स्टिअरिंग वळले, रिम वळली, रबर विचार करते आहे, असा एक क्षण मध्ये जातो. भिंत बुटकी झाली की हा क्षण आखडतो आणि गाडी बोटाच्या इशाऱ्यावर वळल्यासारखी वाटते. हे सुख खरे आहे. ताम्हिणीत किंवा आंबोलीच्या घाटात एकदा अनुभवले की सहजी सुटत नाही. दुसरे कारण ब्रेकचे. ताकदवान गाडीला मोठी डिस्क लागते, तिच्यावर मोठा कॅलिपर येतो आणि हे सगळे रिमच्या पोटात मावावे लागते. निस्सान जीटी-आरच्या पुढच्या डिस्क २००७ मध्येच ३८० मिलिमीटरच्या होत्या, म्हणून तिला २० इंची चाके. ऑक्टाव्हियाच्या ब्रेकना एवढ्या जागेची गरज नसते. १९ इंची आऱ्यांमागे लहानशी डिस्क दिसली की दिवाणखान्याच्या मधोमध एकच मोडा ठेवल्यासारखे वाटते.

रुंदीबद्दलचा एक गैरसमज इथेच काढून टाकलेला बरा. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असे सरसकट म्हणता येत नाही. टेकलेल्या रबराचे क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचा भार आणि आतली हवा यांवर ठरते. रुंदी वाढली की तो ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो. वळणावर हे चांगले. पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र आडवा ठसा पाणी कापण्याऐवजी त्यावर तरंगायला लवकर तयार होतो. जूनमध्ये रुंद टायर घेऊन चार सेंटिमीटर पाण्यातून जाणाऱ्याने आपण गाडी चालवतो आहोत की होडी, याचा निर्णय आधी करून ठेवावा.

आता रस्ता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा; ताशी २५ ने जाणारी गाडी त्यावरून लाटेसारखी गेली पाहिजे. नियम सुंदर आहे. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडाशी एखाद्या उत्साही मंडळाने रातोरात घातलेला गतिरोधक उंचीने नियम पाळतो आणि रुंदीने काकडी असतो. आता वरचे आकडे पुन्हा पाहावेत. १७ इंची चाकाच्या टायरची भिंत १०१ मिलिमीटर, गतिरोधक १००. जेमतेम एक मिलिमीटरने टायर जिंकतो. १८ ला भिंत ९०. १९ ला ७९, म्हणजे जवळपास टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाएवढी. त्या ग्लासाएवढ्या रबरावर दीड टनाची गाडी, पाच माणसे आणि डिकीत गणपतीपुळ्याहून आणलेले आंबे असतात.

खड्डा गतिरोधकापेक्षा वाईट, कारण त्याला समोरची धार असते. टायर खड्ड्यात उतरतो, पुढची धार त्याला रिमच्या ओठावर दाबते आणि मध्ये रबर चिमटीत सापडते. भिंतीतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, दोन दिवसांनी मात्र त्या जागी लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रिम वाकली असेल तर गल्लीतला कारागीर ती गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्याने सरळ करून देतो आणि ती खरोखर सरळ होते. कारखान्याने भट्टीत मुरवून आणलेली ताकद मात्र त्या ज्योतीबरोबर उतरते. पुढच्या खड्ड्याला ती रिम पहिल्यापेक्षा लवकर वाकते. कारागीर आणि रिम यांचे संबंध अशा रीतीने दृढ होतात.

जागतिक रॅलीतले संघ या प्रश्नावर फार व्यवहारी आहेत. डांबरी टप्प्याला ते १८ इंची चाके लावतात आणि खडीच्या टप्प्याला १५ इंची, भरपूर रबराची. पुण्यातल्या माणसाला हे जमत नाही, कारण एकाच पेठेत सकाळी डांबरी टप्पा असतो आणि दुपारी जलवाहिनीवाले येऊन गेले की खडीचा. म्हणून इकडच्या शहाण्या मालकाचा कल कंपनीच्या मापावर एक इंच चढवून थांबण्याकडे असतो. १६ ची गाडी असेल तर १७. १७ ची असेल तर १८ चा विचार करावा, आणि तो विचार जुलैमध्ये करावा. शोरूममध्ये दिवाळीच्या सुमाराला केलेला विचार ग्राह्य धरू नये.

या सगळ्या गणितात एक उपकरण विसरले जाते. मागच्या सीटवर बसलेली आजी. चाकाच्या आकारातला अर्ध्या इंचाचा फरक तिच्या कमरेला कळतो. कात्रज ते स्वारगेट एवढ्या अंतरात ती अहवाल देते, तो तोंडी असतो आणि त्यावर अपील नसते.

आकार ठरला तरी चाक बसेलच असे नाही. चाक गाडीला बोल्टांनी जोडलेले असते आणि बोल्टांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. ऑक्टाव्हियाला पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटरचे वर्तुळ. बाजारात त्याच्या शेजारीच ११४.३ ची चाके टांगलेली असतात. हा विचित्र आकडा साडेचार इंचांचा आहे, मिलिमीटरच्या कपड्यांत आलेला. दोहोंत फरक २.३ मिलिमीटरचा, म्हणून ‘थोडं दाबलं की बसतंय’ असे सांगणारा हमखास भेटतो. ते बसतेही. बोल्ट मात्र तिरपा जातो, आणि तिरपा गेलेला बोल्ट पुढे केव्हा सैल होतो हे द्रुतगती मार्गावर ठरते. चाकाच्या मधले भोकही जुळायला हवे. ऑक्टाव्हियाचा हब ५७.१ मिलिमीटरचा, बाजारातल्या अलॉयचे भोक बहुधा त्याहून मोठे, कारण त्यांना दहा जातींच्या गाड्यांवर बसायचे असते. मधली पोकळी भरायला एक कडे मिळते. ते न लावल्यास ताशी नव्वदला स्टिअरिंग थरथरू लागते आणि मालक पुढचे सहा महिने बॅलन्सिंग करून घेत राहतो. बोल्टांतही भेद आहे: कंपनीच्या बोल्टाची मान गोल असते आणि बाजारातल्या बहुतेक चाकांना निमुळती मान लागते. ते बोल्ट न्यूटन मीटर मोजणाऱ्या पान्याने १२० वर आवळायचे असतात. प्रत्यक्षात दुकानातला पोरगा पान्याच्या दांड्यावर उभा राहतो आणि दोन उड्या मारतो. पोरग्याचे वजन दरवर्षी वाढत असल्यामुळे हे माप स्थिर नाही.

राहिला ऑफसेट. चाकाच्या मधल्या रेषेपासून ते हबला टेकते ती जागा किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा. आकडा कमी केला की चाक बाहेर येते. साडेसात इंच रुंद आणि ५१ ऑफसेटच्या चाकाजागी आठ इंच रुंद आणि ३५ ऑफसेटचे लावले, तर बाहेरची कड २२ मिलिमीटर बाहेर सरकते. गाडी पैलवानासारखी दिसते. पावसाळ्यात दारे खिडकीपर्यंत चिखलाने माखतात, आणि मागे चार माणसे बसली की टायर फेंडरला घासतो.

बायपासच्या कडेच्या एका टायरच्या दुकानात हा प्रवेश जवळपास दर रविवारी होतो. मालक गाडीला टेकून उभा असतो.

“अठरा बसतील ना?”

“बसायला काय साहेब, वीस पण बसवून देतो,” दुकानदार चहाचा कप ठेवत म्हणतो. “मग ती घासणार. मग तुम्ही फेंडर रोल करणार. मग स्पेसर काढायला येणार. मग सतरा घेणार. सतराच दाखवू का आधीच?”

“नको, अठराच.”

“ए पक्या, अठरा काढ.”

चाके चढतात. मग पक्या आणि त्याचे दोन सोबती मागच्या सीटवर बसतात, तिसरा डिकीत चढतो आणि मालक स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून समोरच्या गतिरोधकावरून गाडी नेतो. डिकीतून आवाज येतो, “घासतंय!” दुकानदार गुडघ्यावर बसून चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या लायनरवरून बोट फिरवतो. एका जागी लायनर नव्या नाण्यासारखे चकाकत असते. बोट काळे होते. ते बोट तो मालकाला दाखवतो, काही बोलत नाही आणि पुसायला फडके शोधू लागतो.

कायद्याचे कलमही इथे आडवे येते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीचा मूळ तपशील बदलू नका असे सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चार चाके हा एक बदल की चार, ही शंका मालकाने आपण होऊन हवालदाराला विचारू नये. कंपनीनेच त्या गाडीच्या वरच्या प्रकाराला दिलेले माप वापरणे, भारांक मूळच्या खाली न जाऊ देणे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे, ही त्यातली त्यात सुरक्षित वाट. भारांकाचे भान विशेष ठेवावे लागते, कारण भिंत बुटकी झाली की आत मावणारी हवा कमी होते, आणि भार पेलण्याचे काम रबर नाही, हवा करत असते.

पाचवे चाक या सगळ्यातून सुटलेले असते. त्याला स्टेपनी म्हणतात ते वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या दोघा भावांनी १९०४ मध्ये हे जादा चाक बाजारात आणले. ब्रिटनमध्ये हा शब्द केव्हाच मागे पडला, भारतात मात्र तो जोरात आहे. नवी १८ इंची चाके चारच घेतली जातात, कारण पाचव्याचे पैसे अंगावर येतात आणि ते डिकीतल्या खळग्यात मावेलच असेही नाही. स्टेपनी जुन्याच मापाची, बहुधा काळ्या पत्र्याची राहते. खंबाटकीत पंक्चर झाल्यावर गनमेटल रंगाच्या तीन चाकांशेजारी हे काळे चाक लावून मालक ताशी ऐंशीच्या खाली पुण्याला येतो आणि गाडी पार्किंगमध्ये भिंतीला चिकटवून, ती बाजू आत करून लावतो.

कंपनीची मूळ चार चाके फेकून द्यायची नसतात. ती गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातात. तीनेक वर्षांनी गाडी विकायची वेळ आली की येणारा प्रत्येक गिऱ्हाईक नव्या चाकांभोवती एक चक्कर मारतो, वाकून रिमच्या ओठावरची वेल्डिंगची खूण बघतो आणि विचारतो, “ओरिजिनल आहेत ना घरात?” गोणपाट खाली येते. गाडी मूळ चाकांवर, ज्या रूपात शोरूममधून आली होती त्याच रूपात, दुसऱ्याच्या घरी जाते. पाच बोल्टांची, ११२ च्या वर्तुळाची, अठरा इंची चाके माळ्यावर चढतात. मग मालक पुढची गाडी शोधायला लागतो. दुकानात शिरल्यावर तो मायलेज विचारत नाही, सुरक्षेचे तारे विचारत नाही. विक्रेत्याला बाजूला घेऊन तो आधी पीसीडी विचारतो.